विश्वनागरिकत्व आणि गावाची वेस

‘विश्वनागरिकत्व’ ही संज्ञा आता आपल्या शैक्षणिक धोरणांत स्थिरावली आहे. संयुक्त राष्ट्रांनी सन २०१५ मध्ये शाश्वत विकासाची जी उद्दिष्टे स्वीकारली, त्यांतील शिक्षणविषयक चौथ्या उद्दिष्टात तिचा स्पष्ट निर्देश आहे, आणि सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिला आपलेसे केले आहे. परंतु सरकारी दप्तरात रुजू झालेली ही कल्पना वर्गाच्या दारापर्यंत येता येता किती क्षीण होते, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. चोवीस ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांविषयी चार भाषणे व्हावीत, निरनिराळ्या देशांचे ध्वज रंगवून भिंतीवर लावावेत, एखाद्या स्नेहसंमेलनात परदेशी वेश परिधान करून मुलांनी रंगमंचावरून फिरावे, यापलीकडे बहुतेक शाळांची मजल जात नाही. दूरदेशीच्या अपरिचित मनुष्याविषयी सद्भाव बाळगण्यास कोणासही काही किंमत द्यावी लागत नाही, आणि ज्या भावनेची किंमत द्यावी लागत नाही ती चारित्र्यात उतरत नाही. ज्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील पाण्याचा, गटाराचा किंवा पडीक गायरानाचा एखादा प्रश्न हाती घेऊन तो धसास लावण्याची खटपट केली नाही, त्याच्या ठिकाणी जगाविषयीचे उत्तरदायित्व केवळ पाठांतराने उत्पन्न होणार नाही, असे माझे निश्चित मत आहे.

या मताला आधार द्यावयाचा तर तो प्रथम रवींद्रनाथ ठाकुरांच्या कार्यातून द्यावा लागेल. २३ डिसेंबर १९२१ रोजी शांतिनिकेतनात विश्वभारतीची विधिपूर्वक स्थापना झाली, आणि त्यानंतर अवघ्या दीड महिन्याने, ६ फेब्रुवारी १९२२ रोजी, तेथून कोसभर अंतरावरील सुरूल या गावी ग्रामपुनर्रचनेच्या कार्याला प्रारंभ झाला. तेच केंद्र पुढे श्रीनिकेतन या नावाने प्रसिद्धीस आले. या दोन तारखांच्या सान्निध्याचा अर्थ आपण पुरेशा गांभीर्याने लक्षात घेतलेला नाही. सिल्व्हां लेव्ही यांच्यासारखे थोर फ्रेंच प्राच्यविद्यापंडित ज्या संस्थेत अध्यापन करीत होते, त्याच संस्थेचे विद्यार्थी कोसभर पलीकडे हिवतापाने जर्जर झालेल्या खेड्यांत डबकी बुजवीत होते, तळी उपशीत होते आणि घरोघर जाऊन दुखण्यांची व उत्पन्नाची चौकशी करीत होते. या कामाची धुरा ज्याच्याकडे होती तो लेनर्ड एल्महर्स्ट हा इंग्रज तरुण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शेतीशास्त्र शिकून आलेला होता, आणि त्याने पहिल्याच तुकडीला जो पहिला धडा दिला तो आपापल्या शौचकूपांची सफाई स्वहस्ते करण्याचा व मैला चरांत पुरून त्याचे खत करण्याचा होता. भद्रलोक कुटुंबांत वाढलेल्या मुलांना हा धडा किती जड गेला असेल, याची कल्पना ज्याला आपल्या समाजाची घडण ठाऊक आहे त्याला सहज करता येईल. याच्या सात वर्षे आधी, मार्च १९१५ मध्ये, गांधीजींनी शांतिनिकेतनातील मुलांना व शिक्षकांना स्वयंपाक आणि सफाई आपली आपण करावी असे सुचवून पाहिले होते. तो प्रयोग फार काळ टिकला नाही, तरी दहा मार्चचा दिवस तेथे अद्यापि त्याच्या स्मरणार्थ पाळला जातो.

श्रीनिकेतनाच्या भोवती हिंदूंची गावे होती, मुसलमानांची होती, संथाळांचीही होती. त्या गावांतील मुलांची ‘व्रती बालक’ म्हणून जी पथके उभी राहिली, त्यांनी आग विझविण्यापासून डासांच्या बंदोबस्तापर्यंतची कामे अंगावर घेतली. साऱ्या विश्वाला एका घरट्यात आणू पाहणाऱ्या कवीला शेजारच्या खेड्यातील डबक्याची चिंता का वाटावी, असा प्रश्न त्या काळीही पुष्कळांना पडला असेल. मला तर असे वाटते की, विश्वभारतीला पोकळ वैभवापासून वाचविण्याचा दुसरा मार्गच रवींद्रनाथांना दिसत नव्हता.

आता कोणी म्हणेल की, गावातील काम हे गावापुरतेच. त्याचा जगाशी संबंध कसा जोडावयाचा? हा संबंध जोडावा लागत नाही, तो आधीच जोडलेला असतो. फक्त तो वाचावयास शिकवावा लागतो. बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी रयतेने सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला करून कर्जरोखे व वह्या जाळल्या, आणि तो वणवा पुणे व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरला. ही हकीकत पाठ्यपुस्तकांत दोन-चार ओळींत आटोपली जाते. पण सुप्याच्या परिसरातील एखाद्या शाळेने आपल्या मुलांना त्या काळच्या कर्जाची कथा गावातल्या गावात शोधावयास लावले, जुने दस्तऐवज वाचावयास मोडी जाणणारा एखादा वृद्ध गाठून दिला, आणि जमाबंदीचे आकडे ताडून पाहावयास सांगितले, तर त्या मुलांची वाट थेट अमेरिकेत जाऊन पोहोचेल. कारण १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून दख्खनच्या कापसाला अपूर्व भाव आला. भाव आला म्हणून सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. आणि युद्ध संपताच भाव कोसळले, तशात सरकारने शेतसाऱ्याची आकारणी वाढविली, तेव्हा सारा भार कुणब्याच्या माथी आला. या दंग्यांच्या चौकशीतूनच पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा निर्माण झाला. एवढे शोधून काढणारा मुलगा आजच्या कापसाच्या वा कांद्याच्या भावाकडे निराळ्या दृष्टीने पाहील, आणि हीच दृष्टी त्याला द्यावयाची आहे.

पुण्याच्याच इतिहासातला आणखी एक प्रसंग विद्यार्थ्यांसमोर अवश्य ठेवावा. सन १८९४ मध्ये हाँगकाँगला हाहाकार उडविणारी प्लेगाची साथ १८९६ मध्ये मुंबई बंदरात उतरली आणि तेथून पुण्यात आली. सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्यासह पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालविला, रुग्णांना त्या स्वतः तेथे पोहोचवीत राहिल्या, आणि त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. चीनच्या किनाऱ्यावरून जहाजांच्या वाटेने आलेल्या आपत्तीला त्यांनी ज्या ठिकाणी तोंड दिले ते ठिकाण त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ होते.

माझ्या मनात वर्तमानकाळातील जो प्रकल्प वारंवार येतो, तो मात्र पाण्याचा आहे. कात्रजच्या डोंगरात उगम पावून पुण्याच्या दक्षिण भागातून वाहत मुठेला मिळणारा आंबील ओढा पुणेकरांना २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीपासून चांगलाच परिचित झाला. त्या रात्रीच्या पुरात अनेकांचे प्राण गेले व काठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. या ओढ्याच्या काठी असलेल्या शाळेतील आठवीच्या वर्गाने वर्षभर एकच काम करावे. भूमी अभिलेख कचेरीतील जुन्या नकाशात ओढ्याची रुंदी किती होती आणि आज ती किती उरली आहे, हे फीत धरून मोजावे. कोणत्या ठिकाणी भराव पडला, कोणत्या पुलाखाली मोरी अरुंद झाली, सांडपाण्याच्या वाहिन्या कोठे सोडल्या आहेत, याची नोंद ठेवावी. काठावर कोण राहतो आणि त्याला अन्यत्र जागा का मिळाली नाही, हे त्याच्या दारात बसून त्याच्याच तोंडून ऐकावे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून शिक्षकाने तो अर्ज पुढे न्यावा, आणि आलेला कागद मुलांनी ओळ न ओळ वाचावा. हे वाचन संथ असते आणि त्यात उत्साहवर्धक असे फारसे काही नसते, परंतु राज्यकारभार म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या दहा पाठांनी जेवढे कळत नाही तेवढे ते अशा एका कागदाने कळते.

आणि मग त्या पाण्याच्या मागे जावे. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या धरणात थांबून पुढे पंढरपुरास चंद्रभागा होते, आणि आषाढीच्या दिवशी लक्षावधी वारकरी ज्या पाण्यात श्रद्धेने स्नान करतात त्यात पुण्याच्या गटारांचा अंश असतो. तीच नदी सोलापूर जिल्हा ओलांडून कर्नाटकात शिरते, रायचूरच्या आसमंतात कृष्णेला मिळते आणि अखेर आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. ओढ्याकाठच्या सहकारनगरातील मुलाने टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला राज्यांच्या सीमा आडव्या येत नाहीत, आणि समुद्रावर तर कोणत्याच राष्ट्राचे कुंपण नाही. हे भान त्याला नकाशावरील निळ्या रेषेने येणार नाही. ओढ्यातील तीच पिशवी त्याने स्वतः उचलून वजनकाट्यावर ठेवली असेल, तरच ते येईल.

तथापि एवढ्यावर थांबणे हे मला अपुरे वाटते, आणि येथेच या विषयाचे खरे मर्म आहे. झाडे लावणे, रस्ता झाडणे, भिंती रंगवणे ही कामे सर्वांच्या संमतीची असतात. त्यांना गावात कोणी विरोध करीत नाही, म्हणून शाळांना ती प्रिय असतात. पण गावाच्या आत ज्या वेशी आहेत, त्यांना स्पर्श न करता जगाच्या सीमा ओलांडण्याची भाषा बोलणे हे आत्मवंचनेचे आहे. साने गुरुजींना हे पूर्णपणे उमगले होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी ते सुटले ते मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर. विश्वभारतीपासून स्फूर्ती घेऊन, भारतातील प्रांतांना व भाषांना जोडणाऱ्या आंतरभारतीचे स्वप्न पाहणारे आणि त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ सोबत्यांकडून तमिळ शिकून ‘कुरळ’ या तमिळ ग्रंथाचा मराठी अनुवाद करणारे गुरुजी हेच. आधी पंढरपूरची पायरी, मग भारताच्या भाषा, मग जग, असा क्रम त्यांच्या जीवनातून मला स्पष्ट दिसतो. म्हणून शाळेच्या प्रकल्पात मुलांच्या टोळ्या करताना शिक्षकाने आळीनिहाय गट कधीही करू नयेत. ज्या वस्तीच्या नळाला पाणी सर्वांत शेवटी येते, त्या वस्तीपासून पाहणी सुरू करावी, आणि त्या वस्तीतील मुलांनी बाकीच्यांना आपल्या घरी न्यावे. या एका गोष्टीने कित्येक पालक शाळेत तक्रार घेऊन येतील. त्या तक्रारीला शांतपणे सामोरे जाणारा मुख्याध्यापक मिळाला तर प्रकल्प निम्मा सिद्धीस गेला असे समजावे.

अशा कामांची चौकट आपल्याकडे नवी नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी आणि दत्तक गावात सात दिवसांच्या विशेष शिबिरास जावे, अशी तरतूद आहे, आणि तिच्यातून तयार झालेले अनेक निष्ठावंत कार्यकर्ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तिच्या रचनेतील उणीव एवढीच की, सात दिवसांनी शिबिर उठते आणि गाव तेथेच राहते. गावाशी नाते जडण्यास सातत्य लागते; पावसाळ्यात पाहिलेली विहीर उन्हाळ्यात पुन्हा पाहावी लागते. शालेय स्तरावर तर ‘प्रकल्प’ म्हणजे दुकानात तयार मिळणाऱ्या चित्रांची वही, असा समज मुलांचा नव्हे, पालकांचा झाला आहे, आणि त्याचा दोष गुणांच्या वाटपावर लादणे सोपे असले तरी शिक्षकावरील अन्य कामांचा बोजा उतरविल्यावाचून तो दूर होणार नाही. जनगणना, निवडणुका, नाना प्रकारच्या याद्या यांत ज्याचा दिवस जातो, त्याच्याकडून ओढ्याची मापे घेण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आठवड्यातील एक संपूर्ण दुपार वेळापत्रकातून मोकळी करून ती शाळेबाहेरील कामासाठी राखून ठेवणे, आणि वर्षाच्या अखेरीस मुलांनी आपला अहवाल परीक्षकापुढे न ठेवता ग्रामसभेपुढे किंवा प्रभागातील नागरिकांपुढे वाचणे, या दोन गोष्टी शासनाने मान्य केल्या तरी पुष्कळ झाले असे मी म्हणेन. ग्रामसभेत मुलांना प्रतिप्रश्न होतील, कोणी आकडे खोडून काढील, कोणी रागावेलही. आणि आपले म्हणणे सोडून न देता दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय, जिच्यावाचून कोणत्याही देशाचे वा जगाचे नागरिकत्व चालत नाही, ती तेथे लागेल.

माझी सूचना भीमेच्या खोऱ्यातील शाळांपुरती आहे. भीमाशंकरच्या पायथ्याची एक शाळा, आंबील ओढ्याकाठची एक, उजनीच्या जलाशयाजवळची एक, पंढरपुरातील एक आणि कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील एक, अशा पाच शाळांनी वर्षातून चार वेळा, ठरलेल्या दिवशी, आपापल्या ठिकाणच्या पाण्याची पाहणी करावी आणि आपल्या नोंदी एकमेकींना पाठवाव्यात. वरच्या गावाने खालच्या गावाला उत्तर द्यावे लागेल, असा हा पत्रव्यवहार असावा. पहिल्या चार शाळा मराठीत लिहितील आणि पाचवी कन्नडमध्ये, म्हणून ही पत्रे दुभाष्यावाचून पुढे जाणार नाहीत. पण सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तेथील शिक्षकांना दोन्ही भाषा अवगत असतात, आणि दोन्ही बाजूंची पत्रे वाचून समजावून देण्याचे काम ते आपल्या वरच्या वर्गांतील मुलांकडूनच करवून घेऊ शकतील.