कुलूपबंद घर आणि आपले कर्तव्य

एखाद्याने कष्टाच्या पैशातून दुसरे घर विकत घेतले आणि त्याला कुलूप लावून ठेवले, तर त्यात गैर ते काय? घर त्याचे, पैसा त्याचा, कुलूपही त्याचेच. कायद्याच्या दृष्टीने ह्या उत्तरात खोट काढता येणार नाही. परंतु नीतीच्या दृष्टीने ते पुरेसे आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील शहरांत व शहरांलगतच्या गावांत राहणाऱ्या प्रत्येक घरमालकाने स्वतःला विचारावयास हवा.

आधी परिस्थिती पाहू. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लक्ष घरे रिकामी आढळली. २०१२ साली केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लक्ष असल्याचा अंदाज दिला. ह्या तुटीत उघड्यावर राहणारी कुटुंबे थोडी होती. सुमारे चार पंचमांश कुटुंबे दाटीवाटीने राहणारी होती. लग्न झालेल्या मुलाला व सुनेला स्वतंत्र खोली नाही, म्हणून रात्री मधोमध पडदा ओढावयाचा, अशी ही कुटुंबे. तूट बहुतांशी गरिबांच्या व अल्प उत्पन्नाच्या गटांत आहे. रिकामी घरे मात्र पुष्कळदा त्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत. कारण ती राहण्यासाठी घेतलेलीच नसतात. भाव वाढेपर्यंत सांभाळावयाची ती एक ठेव असते. सोने पेटीत ठेवल्याने शेजाऱ्याचे छप्पर जात नाही. जमीन मात्र मोजकी आहे. तिच्यावर उभे राहिलेले घर बंद राहिले, तर कोणाचा तरी निवारा अडतो.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तिच्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १९४० सालचे भाडे आधारभूत धरले आणि ते जवळपास गोठवून टाकले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. ज्या कुटुंबाने विश्वासाने खोली दिली, त्याला ती परत मिळेना. ‘भाडेकरू ठेवू नये, घर जाते’ हा धडा त्या काळात वडिलांनी मुलांना दिला. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच ह्या गोठलेल्या भाड्यांवर अन्याय्यतेचा ठपका ठेवला.

परंतु तो कायदा आता उरलेला नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला की मुदत संपताच मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून घराचा ताबा मागता येतो. घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट आकार घेता येतो. भीतीचे कारण बरेचसे गेले. भीतीची सवय मात्र राहिली. उलट, ओझे आता दुसऱ्या खांद्यावर आले आहे. अकरा महिने संपले की बिऱ्हाड उचलावयाचे, पुन्हा अनामत, पुन्हा दलालाला पैसे, मुलांची शाळा पुन्हा लांब.

मालकी हक्काविषयी ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली खाजगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मान्य केला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने १९६५ साली त्याच्या जोडीला हेही सांगितले, की सृष्टीतील वस्तू सर्व मानवांसाठी आहेत आणि मालकाने आपले धन इतरांच्याही उपयोगी पडेल असे वापरावे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ हे बेघरांसाठी निवाऱ्याचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने जे निवेदन काढले त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे: आपल्या बेघर भावाचे तू काय केलेस? हा प्रश्न शासनाला आहे, तसाच कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्यालाही आहे.

मात्र सर्व बंद घरांना एका मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. परदेशी गेलेला मुलगा वर्षभरात परतावयाचा आहे, म्हणून राखलेले घर वेगळे. केवळ भाव चढावा म्हणून दहा वर्षे अंधारात ठेवलेले घर वेगळे. तसेच भाड्यावर गुजराण करणाऱ्या विधवेने रास्त भाडे घेणे आणि दुसऱ्याची नड पाहून भाडे चढविणे, ह्यांतही अंतर आहे.

ह्याहून नाजूक प्रश्न भाडेकरू निवडण्याचा. मासे-मटण खाता म्हणून, नाव ख्रिस्ती आहे म्हणून मुंबईत घर नाकारले गेल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. तो अपमान आपल्याला झोंबतो. मग आपल्या दारी आलेल्या माणसाची जात, भाषा किंवा धर्म पाहून आपण ‘खोली दिली गेली’ असे खोटे सांगतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल? वांद्र्याला १९१८ साली साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. अशा संस्थांमुळे मध्यम स्थितीतील कुटुंबांना घरे लाभली. एका समाजापुरते सभासदत्व ठेवणे सहकारी संस्थेला कायद्याने शक्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात २००५ साली ठरविले. परंतु अल्पबळ माणसांनी छप्परासाठी एकत्र येणे आणि छप्पर मिळाल्यावर इतरांना दार लावणे, ह्या दोन गोष्टी नीतीच्या तराजूत सारख्या नाहीत.

कोणी म्हणेल, हे शासनाचे काम आहे. ते आहेच. १९७७ साली स्थापन झालेल्या म्हाडाच्या सोडतीत एकेका घरासाठी किती अर्ज येतात, हे आपण पाहतो. मूलभूत गरज चिठ्ठीवर सोपवावी लागते, ह्यातच शासनाचे अपुरेपण दिसते. एकट्यादुकट्या मालकाने ही तूट भरून निघणार नाही, हेही खरे. परंतु रास्त भाड्याला उघडलेल्या एका घराने एका कुटुंबाचा पडदा दूर होतो, आणि त्या कुटुंबापुरता प्रश्न सुटलेला असतो. शासन आपले काम करील तेव्हा करील. आपल्या हातातली किल्ली मात्र आजच आपल्या हातात आहे. ती लावताना भाडेकरूचे नाव पाहावे की वागणूक, अकरा महिन्यांनी विनाकारण त्याला उठवावे की राहू द्यावे, हे कोणताही कायदा आपल्यासाठी ठरविणार नाही. ते आपल्यालाच ठरवावयाचे आहे.