नववे भय

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, बीबीच्या मकबऱ्यामागील डोंगरात जी बौद्ध लेणी आहेत, त्यांपैकी सातव्या लेण्यात करुणामूर्ती बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे एक भव्य शिल्प असून त्याच्या दोन्ही अंगांस चार-चार प्रमाणे आठ लहान प्रसंग कोरलेले आहेत. अग्नी, चोरांची तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, सर्प, हत्ती आणि मृत्यू ही ती आठ महाभये. सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास, व्यापारी तांडे घाट उतरून समुद्राकडे जात त्या काळात, हे शिल्प घडले; आणि घर सोडून परमुलखात जाणाऱ्या मनुष्याला नेमके कशाचे भय वाटत असे, याचा इतका स्पष्ट दस्तऐवज दगडात क्वचितच आढळेल.

गतवर्षी आम्ही आठ जण श्रीलंका, थायलंड आणि कंबोडिया या तीन देशांच्या यात्रेस निघालो, तेव्हा आदल्या रविवारी त्या शिल्पासमोर उभे राहून आलो होतो. या आठांपैकी एकही भय आमच्या मनात नव्हते. आमची सारी विवंचना एका तळहाताएवढ्या यंत्राभोवती फिरत होती. हे फिरते वायफाय राउटर आम्ही मुंबईत भाड्याने घेतले. ज्या देशात जावे तेथील मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याशी ते संधान बांधते आणि सभोवार काही पावलांच्या परिघात आठ-दहा फोन घराशी जोडून देते. भाडे दिवसागणिक, रोजच्या डेटाला मर्यादा, रात्री चार्ज करावयास विसरल्यास दुसऱ्या दिवशी शांतता, आणि यंत्र गहाळ झाल्यास अनामत रक्कम जप्त, असा तो साधा करार होता. करारावर सही करताना ‘अनामत’ या शब्दावर माझी दृष्टी क्षणभर थांबली. विश्वासाने हवाली केलेली आणि मुदत सरताच परत करावयाची ठेव, हा त्याचा मूळ अर्थ. भिक्षूच्या अष्टपरिष्कारांकडे, म्हणजे तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्याकडेही, याच दृष्टीने पाहता येते: वापर त्याचा, मालकी मात्र त्याने मनात धरावयाची नाही.

यंत्र माझ्या पुतण्याच्या पिशवीत असे, आणि दोन दिवसांतच माझ्या ध्यानात आले की आम्ही सर्व जण नकळत त्या पिशवीच्या बेताने चालू लागलो आहोत. तो थांबला की आम्ही थांबत होतो, तो वळला की आम्ही वळत होतो.

श्रीलंकेत अनुराधपुरास आम्ही महाबोधिवृक्षापाशी पोहोचलो तेव्हा सकाळची वेळ होती. पादत्राणे बाहेर ठेवून वाळूच्या अंगणात आलो, तो पांढरी वस्त्रे ल्यालेली कुटुंबे ठिकठिकाणी मौन बसलेली दिसली. मी घरी फोन लावला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे माझ्या आईला जिना उतरणेही अशक्य झाले आहे. पडद्यावर सुवर्णरंगी कठडा आणि त्यामागची पाने दिसताच तिने चष्मा काढला, पदराने काच पुसली, पुन्हा लावला आणि हात जोडले. ती काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही. त्या भाड्याच्या यंत्राचे संपूर्ण मोल त्या अर्ध्या मिनिटात वसूल झाले, असे मी आजही मानतो.

परंतु त्याच अंगणात, तासाभराने, पुतण्या फुले आणावयास बाहेर गेला आणि आमचे फोन मुके झाले. मला कोणाशीही बोलावयाचे नव्हते. आईशी बोलणे झाले होते. घरी सर्व क्षेम होते. तरीही छातीत काहीतरी खचले, आणि ज्या वृक्षासाठी समुद्र ओलांडून आलो होतो त्याच्याकडे पाठ करून मी फाटकाकडे पाहत उभा राहिलो. त्या क्षणी मला सातव्या लेण्यातील बेड्यांचा प्रसंग आठवला. प्राचीन प्रवाशाला बांधले जाण्याचे भय होते, आणि मला सुटण्याचे! आठ भयांच्या पंक्तीत न बसलेले हे नववे भय आहे, आणि त्याचे वैचित्र्य असे की, ज्या बेडीतून मुक्त होण्यासाठी पूर्वजांनी करुणामूर्तीला हाक मारली, तीच बेडी निसटू नये म्हणून आपण व्याकुळ होतो.

मग सकाळचा दुवा आणि तासाभरानंतरचा दुवा यांत भेद कोणता? यंत्र तेच, भाडे तेच. अवलोकितेश्वर म्हणजे खाली दृष्टी वळवून दुःखिताकडे पाहणारा. सकाळी माझी दृष्टी आईकडे होती. नंतर ती केवळ माझ्याकडे, माझ्या एकटे पडण्याकडे होती. परंपरा सांगते की, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोककन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन येथे आली आणि माघारी गेली नाही. ती फांदी मूळ वृक्षापासून अलग झाली, म्हणूनच नव्या मातीत रुजली. बोधगयेच्या मूळ वृक्षाशी दोराने बांधून ठेवली असती तर ती वाळली असती. ज्या नात्यात काही काळ तुटण्याचे सामर्थ्य नाही, ते नाते मनुष्याला कोठेही रुजू देत नाही, हा अर्थ मला त्या पानांखाली उमगला, आणि यात्रेचा धर्म हाच असावा असे वाटू लागले.

मुदत संपताच मुंबईत यंत्र परत केले, अनामत मिळाली, पावतीवर शिक्का पडला. पंधरा दिवसांनी फोनची जुनी यादी चाळताना त्या वायफायचे नाव तेथे जसेच्या तसे दिसले: वस्तू केव्हाच परत गेली होती, आणि तिची ओढ मात्र मी कोणाच्याही हवाली केली नव्हती. नावाखाली ‘नेटवर्क विसरा’ असा पर्याय होता. तो दाबण्यापूर्वी मी आत जाऊन आईच्या शेजारी थोडा वेळ बसलो.