आकाशाने आखलेला काठ

कोकणातल्या मंडणगडाच्या माथ्यावर कुठलीही नदी चढून येत नाही. तिथल्या तळ्यांना मिळते ते पावसाचेच पाणी, आणि पाऊस उदंड: या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तरी दसरा उलटला की काठ आत सरकू लागतो. काही पाणी खडकाच्या भेगांत मुरते, काही वर जाते. एक हेक्टर पाण्यावरून एक मिलिमीटरचा थर उडाला तर दहा हजार लिटर गेले, आणि जाताना ते कोणालाच दिसत नाही.

एडमंड हॅले १६७७ साली सेंट हेलेना बेटावरच्या डोंगरावरून ताऱ्यांचे वेध घेत होता. रात्री दुर्बिणीच्या काचांवर इतके दव धरे की त्या पुन्हापुन्हा पुसाव्या लागत. त्या दवाने त्याला वाफेच्या विचाराला लावले. पुढे त्याने पाण्याचे भांडे तराजूला टांगले, कोमट केले, घट मोजली, आणि तेवढ्यावरून भूमध्य समुद्रातून रोज किती वाफ उठत असेल याचा अंदाज १६८७ साली मांडला. एवढ्याशा भांड्यावरून समुद्राला हात घालण्याचे हे धाडस मला फार मोलाचे वाटते.

गडावरचे तळे भरले की सांडते. त्याची कमाल मर्यादा दगडाने ठरवलेली. लडाखमधल्या त्सो कार सरोवराला, साडेचार हजार मीटरच्याही वर, बाहेर पडायला वाटच नाही. तिथे हवा विरळ आणि कोरडी, ऊन प्रखर, वारा अखंड. हिवाळ्यात मात्र बर्फाचे झाकण. येणारे पाणी आणि उडणारे पाणी जिथे सारखे होईल तेवढेच पसरायचे. आवक वाढली तर पसारा वाढतो, पसारा वाढला की वाफही वाढते, आणि काठ पुन्हा थबकतो. आज कोरड्या पडलेल्या उतारावर उंच दिसणाऱ्या जुन्या काठांच्या रेषा ओल्या काळाची साक्ष देतात. शेजारचे स्तार्त्सापुक त्सो हे तळे त्सो कारमध्ये वाहून जाते, म्हणून गोडे. त्सो कारमधून फक्त वाफ जाते, मीठ मागेच राहते.

कोकणातला खारा वारा आधीच ओला, त्यामुळे त्याची तहान कमी. पण तीही पृष्ठभागावरूनच भागते. सह्याद्रीच्या गडांवर कातळाच्या पोटात, खांब राखून कोरलेली टाकी मे महिन्यातही पाणी देतात: तोंड लहान, पोट खोल, डोक्यावर सावली. म्हणून गडावरच्या तळ्यांतला गाळ काढताना काठ रुंदावू नयेत, तळ खोल न्यावा. मात्र पाणी धरून ठेवणारा तळाचा थर फुटणार नाही इतक्या बेतानेच.