पाणी कोणी तापवले?

आमच्या नाशकात थंड पाण्याला तोटा नाही. गावातून गोदावरी वाहते, गावाबाहेर गंगापूरचे धरण आहे. पण आपोआप तापलेले पाणी हवे असेल तर कसारा घाट उतरून ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीला जावे लागते. लहानपणी मी तेथे प्रथम गेलो तो आजीबरोबर. तिचा एक नवस होता आणि तिचे गुडघेही दुखत होते. त्यांतले खरे कारण कोणते, हे तिने शेवटपर्यंत कळू दिले नाही. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनीही याच देवीला नवस केला होता आणि 1739 मध्ये किल्ला सर झाल्यावर तो फेडला. तेव्हा आजी काही ऐऱ्यागैऱ्यांच्या पंक्तीला बसली नव्हती!

दर्शन आटोपून आम्ही तानसा नदीच्या काठी अकलोलीच्या कुंडांवर गेलो. आजीने पाण्यात पाय सोडले, बराच वेळ ती गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "केवढं नवल रे! कुणी उठलं नाही, कुणी जाळ घातला नाही, आणि पाणी तयार."

मला त्यात नवल वाटले नाही. पाणी गरम असते, त्यात काय? देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तामुळे ते तापले, ही कथा मात्र मला फार आवडली होती. पुढे शाळेत निराळे कळले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. खाली जावे तसतशी जमीन किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापत जाते. आणि तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी कोकणभर अशा झऱ्यांची रांगच आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे. गावांच्या नावांतच ऊन पाणी भरून ठेवलेले आहे.

आजीच्या त्या वाक्याचा अर्थ मात्र मला कळला तो अगदी अलीकडे, आणि तोही दुसऱ्याच पाण्याच्या काठी.

गेल्या वर्षी मुलाने हट्टाने आम्हांला भंडारदऱ्याला नेले. घोटीवरून गेले की नाशकाहून ते तसे जवळच. खोलीपुढे तलाव, पलीकडे रतनगडाची बाजू, आणि दारामागे एक पाटी: "गरम पाणी सकाळी 6 ते 8." म्हाताऱ्या माणसाला परक्या गादीवर झोप येत नाही. साडेचारला मी बाहेर आलो, तर मागच्या अंगाला एक माणूस पत्र्याच्या पिंपाखाली लाकडे सारत बसला होता. त्याने मला बसायला पाट दिला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या पणज्याचं शेत या पाण्याखाली आहे."

मी फार जड आवाजात विचारले, "वाईट वाटत असेल, नाही?"

"मी कुठं पाह्यलंय ते? जन्मल्यापासून पाणीच बघतोय," तो म्हणाला. "तुम्ही आंघोळ उरकून घ्या, बाबा. मागनं गर्दी होते."

मी आंघोळ केली. पाणी उत्तम होते. मन मात्र काही केल्या निवेना.

न्याहारीच्या वेळी मी मुलाला म्हटले, "आपली विश्रांती म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी मोडलेली झोप असते." तो हिशेबी आहे. म्हणाला, "बाबा, आपण पैसे दिले. आपण आलो नसतो तर त्याला झोप मिळाली असती, पगार मिळाला नसता. तो आनंदात राहिला असता का?" मला उत्तर सुचले नाही. आणि तलावाकडे पाठ फिरवून तरी मी सोवळा थोडाच राहणार होतो? प्रवरेवरचे हे धरण 1926 मध्ये पुरे झाले. खाली मैलोगणती ऊस भिजला. 1950 मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या पणज्याच्या शेताची गोडी माझ्या दिवाळीच्या करंजीतही उतरली असेल. करंजी खाताना मला कधी ठसका लागलेला नाही.

म्हणून मी मुलावर शेवटचे अस्त्र टाकले. म्हटले, "आमची आजी बघ. तिने पैशासाठी केले का?"

बोललो आणि माझा मीच चपापलो. आमच्या वाड्यात नरकचतुर्दशीला पहाटे तीनला बंब पेटायचा. आम्ही मुले अंथरुणात पडून त्याचा धूर हुंगायचो. आजी एकेकाला उठवी, तेल-उटणे लावी, कढत पाण्याचे तांबे अंगावर ओती. तिची आंघोळ सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या पाण्याने. ते कोमट तरी असे का, हे कोणी विचारले नाही. पिंपाशी बसलेल्या माणसाला निदान पगार होता, आणि आठानंतर सुटकाही होती. आजीला आम्ही काय दिले? कारीट फोडून झाले की तिला वाकून नमस्कार करायचो आणि फराळावर तुटून पडायचो. माया हा शब्द आम्हांला फार स्वस्त पडला. तिने ते आनंदाने केले, हे खरेच आहे. पण त्या आनंदाची साक्ष देणारे आम्ही, म्हणजे ज्यांची आंघोळ झाली होती ते! अकलोलीच्या कुंडात पाय सोडून ती इतका वेळ का बसली होती, ते मला भंडारदऱ्याच्या त्या न्याहारीच्या टेबलाशी कळले. तिच्या आयुष्यात तिच्यासाठी कोणीतरी पाणी तापवून ठेवल्याचा तो बहुधा एकच दिवस असावा.

आता घरात गीझर आहे. बटण दाबले की झाले. कोणी उठायला नको, असे आम्ही म्हणतो. खरे तर कुठल्या तरी वीजकेंद्रात, कदाचित आमच्या एकलहऱ्यालाच, त्या वेळी रात्रपाळीचा माणूस जागा असतो. तो दिसत नाही एवढेच.

परवा मी घरात जाहीर केले की यंदा नरकचतुर्दशीला पहाटे तीनला मी उठणार, माळ्यावरचा बंब काढून सगळ्यांचे पाणी तापवणार आणि शेवटी आंघोळ करणार. नातवंडांनी टाळ्या पिटल्या. आमच्या सौभाग्यवती निवडता निवडता चकलीच्या भाजणीच्या डाळीवरून मान न उचलता म्हणाल्या, "आधी तो बंब चिंच लावून घासा. बारा वर्षांत कुणी हात लावलेला नाही त्याला."