पेशीचे चिकटणे आणि संयोगाचा प्रश्न

दोन वस्तू एकमेकींना लागतात तेव्हा त्यांच्यात नेमका कोणता संबंध जुळतो, यावर वैशेषिक दर्शनाने बारकाईने विचार केला आहे. वेगळी राहू शकणारी दोन द्रव्ये एकत्र आली तर तो संयोग. हा गुण आहे. तो उत्पन्न होतो आणि नष्टही होतो. अवयव आणि अवयवी किंवा गुण आणि द्रव्य यांना मात्र वेगळे काढता येत नाही. त्यांचा संबंध समवाय. पेट्री बशीच्या तळाला चिकटलेली जिवंत पेशी या मांडणीत कुठे बसवायची? पॉलिमरच्या पातळ लेपाने तिचे चिकटणे हवे तसे कमीजास्त करता येऊ लागल्यापासून हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आला आहे.

मुळात पेशी बशीच्या प्लास्टिकला थेट शिवत नाही. भोवतालच्या द्रवातली प्रथिने आधी तळावर बसतात आणि पेशीच्या आवरणातले इंटिग्रिन रेणू त्या प्रथिनांना, विशेषतः फायब्रोनेक्टिनला, धरतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखा पाणी धरून ठेवणारा लेप प्रथिनांनाच थारा देत नाही, म्हणून पेशीलाही तिथे जागा मिळत नाही. वैशेषिकांनी संयोगाचे तीन प्रकार सांगितले: ससाणा खुंटावर बसतो तेव्हा एकाच्याच क्रियेने, दोन मल्ल भिडतात तेव्हा दोघांच्या क्रियेने, आणि हात झाडाला लागल्यामुळे शरीरही झाडाला लागते तेव्हा आधीच्या संयोगातून. पेशीचे चिकटणे या तिसऱ्या प्रकाराजवळ येते, पण पूर्ण जुळत नाही. हात शरीराचा अवयव आहे. फायब्रोनेक्टिन सुरुवातीला द्रवातून आलेले असते आणि नंतर पेशी स्वतः तयार करून आपल्याखाली पसरवते. म्हणजे पेशी कुठे संपते आणि तिचा आधार कुठे सुरू होतो, हेच आधी ठरवावे लागते.

1978 साली जुडा फोकमन आणि ॲन मॉस्कोना यांनी केलेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ज्या जातीच्या पॉलिमरची असते, तो पॉलिहेमा अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यांनी बशीत ओतला आणि वाळू दिला. द्रावण जितके पातळ, तितका मागे राहणारा थर पातळ. पातळ थरावर पेशी पसरून चपट्या झाल्या. थर जाड होत गेला तशा त्या गोल होत गेल्या. पेशी जितकी गोल, तितकी तिच्यातली डीएनएची निर्मिती कमी. पोषण सर्वांना तेच होते, बदलले होते ते फक्त आधाराशी असलेले नाते.

मग परिणाम कशाचा, स्पर्शाच्या क्षेत्रफळाचा की पसरण्याचा? 1997 साली ख्रिस्तोफर चेन, डोनाल्ड इंगबर आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने हे दोन वेगळे केले. न चिकटू देणाऱ्या पृष्ठभागावर त्यांनी फायब्रोनेक्टिनचे 3 ते 5 मायक्रोमीटरचे ठिपके अंतरा-अंतरावर उमटवले. अनेक ठिपक्यांवर ताणून पसरलेली पेशी जगली. एकूण तेवढाच स्पर्श असूनही एकाच लहान बेटावर आक्रसलेली पेशी मृत्यूच्या वाटेला लागली. संयोग आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापत नाही, तो त्याच्या काही भागातच असतो, हे वैशेषिकांचे सूक्ष्म निरीक्षण होते. पण इथे तो कुठल्या कुठल्या भागात आहे, यावर संपूर्ण द्रव्याचे भवितव्य ठरते.

वैशेषिकांकडे यावर उत्तर आहे, आणि ते दुबळे नाही. तंतूंचा परस्परसंयोग हे वस्त्राचे असमवायी कारण आहे; तो संयोग नष्ट झाला की वस्त्र नष्ट होते. संयोग बाहेरून आलेला गुण असूनही एखाद्या वस्तूचे असणे त्यावर टांगलेले असू शकते. तरी फरक उरतोच. वस्त्र उसवले तरी तंतू तंतूच राहतो. पेशीच्या बाबतीत संयोगातून नवी वस्तू घडत नाही, ज्याचा संयोग तुटला तेच द्रव्य टिकेल की नाही हे ठरते. आधार तुटलेल्या अनेक पेशी स्वतःच मृत्यूची प्रक्रिया सुरू करतात. तिला अॅनॉइकिस म्हणतात.

वियोगाबद्दल मात्र वैशेषिकांची दृष्टी विलक्षण अचूक ठरते. विभाग हा त्यांच्या मते निव्वळ संयोगाचा अभाव नाही, तो स्वतंत्र गुण आहे आणि क्रियेतून उत्पन्न होतो. टोकियोतल्या तेरुओ ओकानो यांच्या गटाने बशीवर पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलअमाइड या पॉलिमरचा सुमारे 20 नॅनोमीटरचा थर बसवला. 37 अंश सेल्सियसला त्यावर पेशी चिकटतात; तापमान 32 अंशांच्या खाली गेले की थर पाणी शोषतो आणि पेशी सुटू लागतात. एन्झाइमने पेशी सोडवल्या तर त्यांचे आपापसातले दुवेही तुटतात. इथे ते शाबूत राहतात आणि पेशींचा अख्खा पापुद्रा कडेपासून वर येतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या अभ्यासात चार रुग्णांच्या डोळ्यांवर त्यांच्याच तोंडातल्या पेशींचे असे पापुद्रे टाके न घालता बसवले गेले होते. पेशींची ऊर्जानिर्मिती रोखली तर हे सुटणे मंदावते, असेही आढळले. खालचा थर सैल झाला तरी पेशीला स्वतःहून आक्रसावे लागते. सुटणे हीदेखील तिची क्रिया आहे.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या चौदाव्या प्रकरणात संसर्गाचीच, म्हणजे संबंध जुळण्याचीच, चिकित्सा केली: जे भिन्न आहेत त्यांचा संयोग सिद्ध होत नाही, जे अभिन्न आहेत त्यांचाही नाही, म्हणून स्वभाव असलेले संबंधी मानू नयेत. आधारावाचून न टिकणारी बशीतली पेशी त्याच्या बाजूने साक्ष देते असे वाटू शकते, पण तो निष्कर्ष घाईचा होईल. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधाराविना वाहत राहतात, आणि कर्करोगाच्या अनेक पेशी आधार तुटूनही मरत नाहीत. एकाच लेपावर वेगवेगळ्या पेशी वेगवेगळे वागतात, तेव्हा पेशीचे स्वतःचे म्हणून काही आहे हे मान्य करावे लागते. आधारावर जगणाऱ्या पेशीचे चिकटणे तोडता येते, म्हणून ते समवाय नव्हे. तुटल्यावर पेशी पूर्वीसारखी राहत नाही, म्हणून केवळ संयोग म्हटल्याने भागत नाही. विभाज्य असूनही संबंधीला घडवणाऱ्या अशा संबंधासाठी वैशेषिकांच्या पदार्थव्यवस्थेत वेगळी जागा करावी लागेल.