दोषाचे अधिष्ठान

अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि भागांनी घडलेली वस्तू, यांचा संबंध समजावताना न्याय-वैशेषिक परंपरा तंतू आणि पट यांचे उदाहरण घेते: पट तंतूंमध्ये ‘समवाय’ या नित्य संबंधाने राहतो, तरी तो तंतूंहून भिन्न असतो, आणि एक तंतू काढून दुसरा घातला, तर जुना पट नाश पावून नवा उत्पन्न होतो. एखाद्या गॅरेजमध्ये चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या मोटारीचा गिअरबॉक्स बदलला जातो, तेव्हा भाग बदलल्यावर वस्तूचे काय होते, हा प्रश्न अधिक बिकट होतो.

भारतात शेवरले या नावाने विकल्या गेलेल्या फॉरेस्टरसारख्या मोटारीत पुढचा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना शक्ती वाटून देणारा दातेरी संच, गिअरबॉक्सच्याच आवरणात असतो आणि मागचा वेगळा असतो. क्राउन या मोठ्या दातेरी चाकाचे दात भागिले पिनियन या लहान चाकाचे दात, हे डिफरन्शियलचे गुणोत्तर होय. नव्या गिअरबॉक्समधील गुणोत्तर ४० भागिले ९, म्हणजे सुमारे ४.४४, आणि मागचे ३७ भागिले ९, म्हणजे सुमारे ४.११ असेल, तर चाके समान वेगाने फिरत असतानाही पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या फेऱ्यांत सुमारे ८ टक्के तफावत राहते. ती सतत सोसणारी, दोन्ही बाजूंमधली जोडणी तापून निकामी होते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन दाखवतो, की चाक, आस इत्यादी एकेक अंग तपासले तरी ‘रथ’ सापडत नाही, म्हणून रथ हा केवळ व्यवहारातला शब्द ठरतो. त्या रीतीने येथे दोष शोधला, तर तोही सापडणार नाही, कारण दोन्ही डिफरन्शियल निर्दोष आहेत. तरीही जळालेल्या जोडणीला केवळ शब्द म्हणता येत नाही. नैयायिक द्वित्वाला, म्हणजे ‘दोन’ या संख्येला, ‘व्यासज्यवृत्ति’ धर्म म्हणतात. असा धर्म एकेकात पूर्णपणे न राहता दोघांत मिळून राहतो. गुणोत्तरांची विषमताही अशीच उभयनिष्ठ आहे.

यावरून जबाबदारीचाही निर्णय होतो. दोष कोणत्याही एका अवयवाचा नसल्यामुळे कोणत्याही एका अवयवाला सदोष ठरवणे अयुक्त आहे, आणि तो उभयनिष्ठ असल्यामुळे त्याचे उत्तरदायित्व संयोग घडवणाऱ्या निमित्तकारणाकडे, म्हणजे दोन्हींचे दात न मोजता ते जोडणाऱ्या कर्त्याकडे जाते.