शेजाऱ्याच्या देवघरात हसावे काय?

ख्रिस्त रडल्याचा उल्लेख शुभवर्तमानात आहे. तो हसल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही. चौथ्या शतकातील प्रख्यात धर्मोपदेशक क्रिसोस्तम याने ही गोष्ट आपल्या श्रोत्यांच्या मुद्दाम नजरेस आणून दिली होती. हसण्याखिदळण्यात आयुष्य घालवू नका, असा त्याचा रोख. आता हा उपदेश प्रमाण मानला, तर त्याच ख्रिस्ताने सांगितलेल्या गोष्टींना विनोदी वेष चढविणारे लोक मोठेच अपराधी ठरतील. आणि वाचकहो, असे अपराधी आमच्या तालुक्याच्या गावी एक-दोन नव्हेत, चांगले अठरा-वीस आहेत!

ही सारी हौशी लेखक मंडळी. एक निवृत्त तलाठी, एक पोस्टमास्तर, एक बी-बियाण्यांचे दुकानदार, आम्ही दोघे-तिघे शाळामास्तर, आणि मुलींच्या शाळेतल्या एक ख्रिस्ती बाई. महिन्यातून एका रविवारी आम्ही जमतो आणि आपापले लिखाण वाचतो. चहाचा खर्च वाचणाऱ्याने करावयाचा असा नियम आहे. मात्र ऐकणारे जितके जास्त वेळ बसतील तितका चहा जास्त लागतो, त्यामुळे दीर्घ कादंबऱ्या आपोआप टळतात. एकदा ‘जुनी गोष्ट नव्याने’ असा विषय ठरला, आणि कोणीतरी बायबलातला एक दाखला उचलला. तेव्हापासून त्या दाखल्यांची जणू साथच पसरली.

‘दाखला’ हा शब्दच मुळी मौजेचा. मराठी बायबलात त्याचा अर्थ बोधकथा. आमच्या गावात त्याचा अर्थ उत्पन्नाचा, रहिवासाचा किंवा शाळा सोडल्याचा. तेव्हा सारी उधळपट्टी करून घरी परतलेल्या त्या धाकट्या मुलाला बाप वेशीवरच विचारतो, “बाबा रे, रहिवासी दाखला आणलास का?” अशी सुरुवात एकाने केली. त्यावर आमच्या तलाठ्यांनी थोरल्या भावाची बाजू लिहून आणली. त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते. बापाने हयातीतच वाटणी केली होती. धाकट्याने आपला हिस्सा उडविला. म्हणजे उरले ते थोरल्याचे. मग मेजवानीसाठी कापलेले ते पुष्ट वासरू कोणाच्या खात्यातले? आम्ही पोट धरून हसलो. पण हसता हसता दोन-तीन माणसे एकाएकी गप्प झाली. त्यांच्या घरी भावाभावांत बांधावरून बोलणे बंद आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

येथेच एका सद्गृहस्थांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “आपण आपल्या देवाची थट्टा करतो, ती घरातल्या माणसाची थट्टा. शेजाऱ्याच्या देवघरात शिरून हसणे हा निराळा प्रकार आहे.” हरकत हसण्यावारी नेण्याजोगी खचित नव्हती.

आपल्याकडे घरची थट्टा मुबलक आहे. एकनाथांच्या भारुडांत वेदान्त सोंग घेऊन नाचतो. तमाशाच्या गौळणीत मावशी प्रत्यक्ष कृष्णाची फिरकी घेते, आणि म्हणून कोणाची भक्ती उणावल्याचे ऐकिवात नाही. बरे, ख्रिस्ताची कथा तरी मराठीला परकी कोठे आहे? इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात बसून ती हजारो ओव्यांत मराठीत सांगितली, आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापून निघाले. 1934 पासून भागाभागाने निघालेल्या ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई टिळकांनी संसार, धर्मांतर आणि देवभोळे नवरे या साऱ्यांकडे किती खेळकर डोळ्यांनी पाहिले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. तरीही ही वंशावळ दाखवून त्या हरकतीला उत्तर मिळत नाही. कथा मराठीत चारशे वर्षे राहिली म्हणून तिच्याशी वाटेल तसे वागण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. भाडेकरू कितीही जुना असला तरी त्याच्या घरात न विचारता शिरता येत नाही.

उत्तर शोधावयाचे तर ते त्या दाखल्यांतच शोधले पाहिजे. आता हेच पाहा ना. मेजवानीचे आमंत्रण आलेली माणसे कारणे सांगतात. एक म्हणतो, मी शेत घेतले आहे, ते पाहावयास जातो. दुसरा म्हणतो, बैलांच्या पाच जोड्या घेतल्या, त्या तपासतो. तिसरा म्हणतो, माझे लग्न झाले आहे! शेत आणि बैल विकत घेतल्यावर मग पाहावयास निघालेले हे शहाणे सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा अगदी गंभीर राहिला असेल काय? मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावून तीन भाकरी मागणारा मित्र, आणि आतून “मुले माझ्याजवळ निजली आहेत, त्रास देऊ नको” म्हणून ओरडणारा यजमान. चिलट गाळून टाकून उंट गिळणारे कर्मठ. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढावयास निघालेला, आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ बाळगणारा महात्मा. हे सारे हशाचेच सामान आहे. ख्रिस्त हसल्याचे कोणी लिहून ठेवले नाही. पण त्याचे ऐकणारे हसले नसतील, हे मला खरे वाटत नाही.

आणि ते हसणे कशासाठी? जुन्या करारात नाथान नावाचा संदेष्टा दावीद राजाला एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावली. राजा संतापून म्हणतो, अशा माणसाला देहदंडच हवा. नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. दाखल्याची सारी युक्ती ही आहे. ऐकणारा दुसऱ्याविषयी ऐकतो आहे असे समजून निर्धास्त बसतो, आणि दार मागून बंद होते. हसू हे त्या दारातले उंबरठ्यावरचे पाऊल आहे. तेव्हा दाखल्यावर विनोद करणे गैर की नाही, असा प्रश्न विचारण्याऐवजी त्या विनोदात कोण सापडला, असे विचारावे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारी ती वाट पंचवीस-एक किलोमीटरांत सुमारे एक हजार मीटर खाली जाते, चोरांना सोयीची. वाटेत एकजण अर्धमेला पडलेला. याजक येतो, बाजूने निघून जातो. लेवी येतो, तोही जातो. आणि ज्या शोमरोनी जातीचा यहुद्यांना तिटकारा, त्यांतला एकजण थांबतो, जखमा बांधतो आणि खाणावळवाल्याला दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे देतो. आमच्या एका सभासदाने हा दाखला रंगवला. त्यात याजकाला सोवळे आडवे आले, लेवीने मोबाइलवर चित्र काढून घेतले. आम्ही खूप हसलो, कारण आमच्यात याजकही नव्हता आणि लेवीही नव्हता. शोमरोनी मात्र त्यात नुसताच सज्जन राहिला. आज तर त्याचे नाव कायद्याच्या पुस्तकातही आहे. अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसी जाच होऊ नये म्हणून 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले, ते याच नावाने. कायदा चांगला आहे. पण या मानात त्या नावातला काटा झिजून गेला.

मग त्या बाईंनी आपला दाखला वाचला. त्यांच्या गोष्टीत साहित्य मंडळाचा एक सभासद रात्री पुलाजवळ पडतो. दुसरा सभासद त्याच्यावर कविता सुचली म्हणून घाईने घरी जातो. तिसरा सहानुभूतीचा ठराव मांडतो, चौथा अनुमोदन देतो. उचलून दवाखान्यात नेणारा माणूस तो, ज्याला आमच्या गावात कोणी खोली भाड्याने देत नाही. शेवटी शुद्धीवर आलेला सभासद त्याचे आभार मानून विचारतो, “आपण राहता कोठे?” एवढ्यावर बाई थांबल्या. ठरावापर्यंत खोली हशाने दणाणत होती. त्या प्रश्नानंतर बराच वेळ कपबशीदेखील वाजली नाही. आमच्यापैकी चौघांच्या खोल्या भाड्याने आहेत.

त्याच दिवशी कोणीतरी त्यांना विचारले, “बाई, आम्ही तुमच्या दाखल्यांवर असे लिहितो, ते तुम्हाला चालते ना?” बाई म्हणाल्या, “मला चालण्याचा प्रश्न नाही हो. तुम्हाला गोष्ट लागू पडते का, ते पाहा.” हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. अठराजणांच्या हशात एकटीने बसावयाचे, आणि वर त्या हशाला परवानगीचा शिक्काही तिनेच मारावयाचा, हा न्याय नव्हे. पुष्कळांचे हसू एकट्यावर ओझ्यासारखे पडते; ते ओझे आपण आपल्या खांद्यावर घेतले आहे काय, हे हसणाऱ्यानेच तपासावे. शेजाऱ्याच्या देवघरात हसू नये असे माझे म्हणणे नाही. तेथे शेजाऱ्याला हसू नये. त्याच्या देवासमोरच्या आरशात आपले ध्यान दिसले आणि हसू फुटले, तर ते हसू नमस्काराहून फार दूर नसते.

दिवाळीच्या दिवसांत दहा कुमारिकांचा दाखला आठवतो. पाचजणींनी दिव्याबरोबर तेल नेले, पाचजणी विसरल्या. वर यावयास उशीर झाला, दिवे मालवू लागले. शहाण्यांनी तेल देण्यास साफ नकार दिला. आमच्या दुकानदारांनी यावर लिहिले आहे की, एका पणतीचे तेल मागितल्यावर नाही म्हणणारी शेजारीण आमच्या आळीत टिकली नसती! वाचून मला हसू आले, आणि मग वाटले, काही तेल खरोखरच उसने मिळत नाही. दुसऱ्याचा धर्म समजून घेण्याचे तेल ज्याचे त्याने आणावे लागते. ते जवळ असले, म्हणजे पणतीवर पणती लावून घ्यावयास शेजारी नाही म्हणत नाही.